पंपाचा बेसल रेट : उपाशीपोटीचे गणित



गेल्या सत्रात पी.टी.च्या तासाला आठवीतल्या एका मुलीच्या कमरेचे यंत्र मोबाइल समजून काढून ठेवायला लावले गेले. तो इन्सुलिन पंप होता. चूक आम्हा शिक्षकांची होती. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले आणि विज्ञान हा काही माझा विषय नव्हे. पुढे लिहिले आहे ते तिच्या आईवडिलांकडून व डॉक्टरांकडून समजून घेतलेले.

टाइप १ मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवत नाही. १९२२ साली टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले, त्याआधी अशी मुले फार काळ जगत नसत. इन्सुलिन फक्त जेवणासाठी लागते असे मलाही वाटे. पण आपण उपाशी असतानाही यकृत रक्तात साखर सोडत असते. त्यासाठी पंप दिवसरात्र थोडे थोडे इन्सुलिन देतो. तासाला किती युनिट, तो बेसल रेट. जेवणाचा डोस वेगळा, त्याला बोलस म्हणतात.

हा रेट चोवीस तास सारखा नसतो. पहाटे शरीरातील काही हार्मोन्समुळे साखर वाढते, वाढीच्या वयात तर जास्तच. म्हणून मध्यरात्री तासाला ०.४ युनिट पुरत असले तरी पहाटे ०.६ लागू शकते. (हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, प्रत्येकाचे वेगळे असतात.)

मग रेट ठरवायचा कसा? दिवसाचे भाग पाडायचे. जेवण व बोलस होऊन चार तास झाले की पुढचे काही तास काही न खाता दर एक-दोन तासांनी साखर तपासायची. ती साधारण ३० मि.ग्रॅ.च्या आत वरखाली राहिली तर रेट बरोबर. सतत चढली किंवा उतरली तर डॉक्टर रेट थोडासा, बहुधा दहा-वीस टक्के, बदलतात; आणि तोही एक-दोन तास आधीपासून, कारण इन्सुलिनचा असर व्हायला वेळ लागतो. एका दिवसाच्या आकड्यावर बदल करत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. साखर ७० च्या खाली आली की तपासणी तिथेच बंद करून आधी ग्लुकोज घ्यायचे. एकादशीचा दिवस यासाठी चालेल का, असे मी विचारले. मुलीची आई हसली. साबुदाण्याची खिचडी भाताइतकीच साखर वाढवते!

बडोद्यात नवरात्र आली की गणित पुन्हा बदलते. दोन-तीन तास गरबा खेळल्यावर स्नायू साखर ओढतात, तीही झोपेपर्यंत आणि झोपेतसुद्धा. त्यामुळे गरब्याच्या तास-दीड तास आधी ‘टेम्पररी बेसल’ कमी करतात आणि पुष्कळदा रात्रीही कमीच ठेवतात. किती, ते डॉक्टरच सांगतात. मात्र पंप काढून विसरणे धोक्याचे. त्यात लवकर काम करणारेच इन्सुलिन असते, शरीरात साठा राहत नाही आणि काही तासांतच कीटोन वाढू लागतात.

विश्वस्त मंडळाच्या माहितीसाठी : अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन व खाणे घेऊ द्यावे, असे राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवले आहे. ग्लुकोजची पुडी आता शिक्षक-खोलीच्या पहिल्या खणात ठेवली आहे. खणाला कुलूप नाही.

— मुख्याध्यापक