पाच मिनिटांत बरं वाटलं तरी

दुखलं काहीच नाही, हे आधी सांगते. भाजी निवडत बसले होते आणि उजव्या डोळ्यावर वरून पडदा उतरावा तसा काळोख आला. डावा डोळा झाकला तर पुढ्यातली परात दिसेना. उजवा झाकला तर सगळं लख्ख. काही मिनिटांत काळोख ओसरला. सासूबाई म्हणाल्या, पित्त झालं असेल. शेजारच्या काकूंनी मीठ-साखरेचं पाणी आणलं. दोघींनी मायेनंच सांगितलं, पण अशाच समजुतीवर विसंबून किती माणसं घरी थांबतात!

मला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, म्हणून लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळा आतून तपासला आणि म्हणाले, “ताई, डोळा ठीक आहे. दोष मानेतल्या रक्तवाहिनीत असू शकतो. घरी जाऊ नका, इथूनच मेंदूच्या डॉक्टरांकडे जा.” डॉप्लर सोनोग्राफीत उजवी कॅरोटिड धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झालेली निघाली.

मानेच्या दोन्ही बाजूंच्या या धमन्या मेंदूला रक्त पुरवतात. जबड्याखाली जिथे त्यांना फाटा फुटतो, तिथे आतून चरबीचा थर साचतो. त्यावरची गुठळी सुटून डोळ्याकडे गेली तर त्याच बाजूचा डोळा अंधारतो. मेंदूत गेली तर विरुद्ध बाजूचा हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, बोबडी वळते. गुठळी विरघळली की बरं वाटतं. ती जिथून सुटली ती जागा मात्र तशीच राहते. मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो. म्हणून बरं वाटलं तरी निघायचंच.

अशी लक्षणं दिसून गेलेल्या आणि ७० टक्क्यांवर अडथळा असलेल्या रुग्णांचा एक अमेरिकी-कॅनेडियन अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका नुसत्या औषधांवर २६ टक्के रुग्णांना आला, शस्त्रक्रियेनंतर ९ टक्क्यांना. औषधं आता सुधारली आहेत, तरी शस्त्रक्रिया करायची तर दोन आठवड्यांच्या आत करण्यात फायदा जास्त. माझी त्याच मुदतीत झाली: मान उघडून धमनीतला थर काढला. या शस्त्रक्रियेतही झटक्याचा धोका असतो. सर्जनना त्यांच्या स्वतःच्या रुग्णांचे निकाल विचारा. मी विचारले, त्यांनी मोकळेपणानं सांगितले.

माझं ऐकून नात्यातले कित्येक जण मानेची सोनोग्राफी करायला निघाले. लक्षणं नसलेल्या सर्वांनी सरसकट ती करावी असं तज्ज्ञ सांगत नाहीत. त्यापेक्षा रक्तदाब मोजा, साखर आणि कोलेस्टेरॉल आवाक्यात ठेवा. सिगारेट-विडी सोडा, आणि तंबाखू-मिश्रीसुद्धा. बायकांच्या मिश्रीला घरात कुणी व्यसन म्हणत नाही, याचा मला राग येतो.

लक्षण दिसलं की १०८ ला फोन करा. मनानं ॲस्पिरिन देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा, झोपेत झालं असेल तर माणूस शेवटचा धड कधी दिसला ती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सीटी स्कॅन रात्रीही चालू असतो, ते आजच विचारून ठेवा.