आलेखाचे सांधे



ज्या फलाचे सूत्र प्रांताच्या, म्हणजे क्ष च्या ग्राह्य किमतींच्या, वेगवेगळ्या भागांत बदलते, पण प्रत्येक भागात सरळ रेषेचेच राहते, त्याला खंडशः रेषीय फल म्हणतात. त्याचा आलेख काढताना विद्यार्थी रेषा जपतात आणि सांधे दैवावर सोडतात. वास्तविक रेषा दोन बिंदूंत निघते, चूक होते ती सांध्यात.

सरावाला आयकर घ्यावा. पाठ्यपुस्तकी सूत्रांपेक्षा तो सरस आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर शून्य, ४ ते ८ लाखांमधील भागावर ५ टक्के, ८ ते १२ लाखांमधील भागावर १० टक्के आणि पुढे १६ लाखांपर्यंतच्या भागावर १५ टक्के असे दर आहेत. दर म्हणजेच रेषेचा चढ, अर्थात उत्पन्न एका रुपयाने वाढल्यास कर किती वाढतो ते माप. ८ लाखांपुढचे सूत्र ०.१०क्ष असे लिहिणारा आलेखाला २० हजारांवरून थेट ८० हजारांवर उडवतो. स्लॅब ओलांडला की सगळ्याच उत्पन्नाला वाढीव दर लागतो, हा घरोघरचा गैरसमज म्हणजे हीच चूक. बरोबर सूत्र, २०,००० + ०.१०(क्ष − ८,००,०००), मागच्या तुकड्याच्या टोकापासून निघते.

खरी कसोटी १२ लाखांवर आहे. उपकर आणि विशेष दरांचे उत्पन्न बाजूला ठेवले, तर निवासी व्यक्तीचा तेथपर्यंतचा कर कलम ८७अ च्या सुटीने शून्यावर येतो, म्हणून भरीव ठिपका आडव्या अक्षावरच पडतो. पुढे काही तरतूद नसती, तर ६० हजारांच्या उंचीवर पोकळ वर्तुळ, म्हणजे हा बिंदू आलेखात नाही अशी खूण, काढून तेथून नवी रेषा सुरू करावी लागली असती. परंतु एक रुपया अधिक मिळवणाऱ्याला साठ हजारांचा भुर्दंड बसू नये म्हणून, १२ लाखांवर जेवढे उत्पन्न असेल त्याहून अधिक कर घेतला जात नाही, आणि त्यामुळे मध्ये चढ १ असलेला एक चिंचोळा तुकडा येतो. आडवे प्रमाण १ सेंटिमीटरला १ लाख आणि उभे १ सेंटिमीटरला १० हजार घेतल्यास तो जेमतेम सात मिलिमीटर रुंद आणि सात सेंटिमीटर उंच दिसतो. चढ १ म्हणजे ४५ अंश असे घोकलेल्याने येथे अक्षांची प्रमाणे पुन्हा पाहावीत.

तो तुकडा कोठे संपतो, हे क्ष − १२,००,००० = ६०,००० + ०.१५(क्ष − १२,००,०००) या समीकरणाने ठरते; उत्तर सुमारे १२,७०,५८८ येते. हा सांधा ज्याच्या वहीत नाही, त्याचा आलेख अपुरा समजावा.