नक्कल ताजी की शिळी?

पोथ्या हाताने उतरवून घेण्याच्या काळी ज्याच्यापाशी नक्कल असे, त्यास मूळ पोथीसाठी वारंवार दूर जावे लागत नसे. परंतु मूळ पोथीत मागाहून सुधारणा झाली, तर ती नकलेत आपोआप उतरत नसे. संगणकांच्या व्यवहारातही हाच प्रश्न उभा राहतो.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ साली ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ ही व्यवस्था निर्माण केली. हिच्यात फाइली सर्व्हर नामक एका संगणकावर राहतात आणि इतर संगणक त्या जणू आपल्याच असल्याप्रमाणे वाचतात. हे काम करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. प्रत्येक वाचनासाठी सर्व्हरकडे धाव घेतली, तर फार वेळ जाईल. म्हणून ड्रायव्हर एकदा आणलेली नक्कल जवळ बाळगतो. या साठ्यास कॅश असे नाव आहे.

नक्कल ताजी आहे की शिळी, हे कसे ओळखावे? लिनक्सवरील ड्रायव्हर सामान्यतः ३ ते ६० सेकंदांच्या अंतराने सर्व्हरला विचारतो, “फाइल शेवटी केव्हा बदलली? तिची लांबी किती?” उत्तरे पूर्वीचीच आली, की तो नक्कल ताजी समजतो.

विद्यार्थिमित्रहो, दोष येथेच दडलेला होता. लिनक्सच्या ‘ईएक्सटी-३’ या फाइल-व्यवस्थेत बदलाची वेळ केवळ पूर्ण सेकंदांत नोंदली जाई. समजा, गुणपत्रकात कोणी ४७ गुण लिहिले. त्याच सेकंदात दुसऱ्या संगणकाने ते वाचून नक्कल ठेवली. आणि तो सेकंद सरण्यापूर्वीच चूक सुधारून ७४ केले गेले. वेळ तीच, लांबीही तीच! ड्रायव्हर कितीही वेळा विचारो, त्यास बदल दिसणार नाही. फाइल पुन्हा बदलेपर्यंत किंवा नक्कल टाकून दिली जाईपर्यंत तो ४७ च दाखवील, आणि तेही कोणतीही सूचना न देता. संगणक बंद पडला तर निदान कळते. निमूटपणे दिलेले चुकीचे उत्तर मात्र खरे मानले जाते.

यावर उपाय काय? कॅश बंद केली, तर काम मंदावते. अधिक वेळा विचारले, तरी उत्तर तेच मिळते. म्हणून २००० साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक फाइलीस एक बदल-क्रमांक देण्यात आला. मजकूर बदलला, की हा क्रमांकही बदलला पाहिजे. तथापि लिनक्सचा सर्व्हर आरंभी हा क्रमांक घड्याळाच्या वेळेवरूनच बनवीत असे. त्यामुळे नाव नवे, पण दोष जुनाच राहिला! पुढे ‘ईएक्सटी-४’ सारख्या फाइल-व्यवस्था बदलांची स्वतंत्र गणती ठेवू लागल्या, तेव्हा सर्व्हरला खरा क्रमांक देता येऊ लागला. मग एका सेकंदात दोन बदल झाले, तरी क्रमांक निराळा येतो आणि ड्रायव्हर जुनी नक्कल टाकून नवी आणतो.

यावरून एक तत्त्व ध्यानी येते. ‘केव्हा बदलले?’ आणि ‘बदलले काय?’ हे प्रश्न सारखे भासले, तरी एक नव्हेत. पहिल्याचे उत्तर घड्याळाच्या सूक्ष्मतेवर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर गणतीच देऊ शकते. दोष शोधताना उत्तरे तपासण्याआधी आपण योग्य प्रश्न विचारीत आहोत की नाही, हे तपासून पाहावे.