टाकळ्याचे हट्टी बी

जूनमध्ये एक-दोन चांगले पाऊस झाले, की पुण्याच्या टेकड्यांवर, गवतात आणि वाटांच्या कडेने टाकळ्याची कोवळी रोपे दिसू लागतात. मात्र त्याचेच बी आणून कुंडीत पेरले, तर पुष्कळदा थोडेच उगवते. असे का व्हावे?

टाकळ्याचे बी तपकिरी, चकचकीत व कठीण असते. त्याचे कवच पाणी आत शिरू देत नाही. आणि पाण्यावाचून अंकुर फुटत नाही. जमिनीत ते तापून-निवून व झिजून कवचाला फट पडते, तेव्हाच पाणी आत जाते. सर्व बियांना एकाच वेळी फट पडत नाही. म्हणून पहिल्या पावसानंतर उघडीप पडून रोपे करपली, तरी काही बी मातीत शिल्लक राहते. बियांचा हा हट्ट म्हणजे त्या वनस्पतीचा विमाच!

हे स्वतः पडताळून पाहा. हिवाळ्यात वाळलेल्या शेंगांतून 40 बिया काढा. 20 तशाच ठेवा. उरलेल्या 20 बियांची एक बाजू काचकागदावर हलकेच घासा. चकाकी जाऊन फिकट भाग दिसताच थांबा. दोन्ही गटांचे वजन करून ते वेगवेगळ्या वाट्यांत 24 तास भिजवा. नंतर बिया टिपून पुन्हा वजन करा. वजनातील वाढ म्हणजे आत शिरलेले पाणी. फुगलेल्या बिया मोजा आणि ओल्या मातीत सुमारे 1 सेंटिमीटर खोल पेरा.

रोप फुलण्यापूर्वी कोवळी पाने खुडावीत. कांदा, लसूण, मिरची आणि ओले खोबरे घालून त्यांची भाजी करतात. आयुर्वेदात टाकळ्याला ‘चक्रमर्द’ म्हणतात. नायट्याच्या चक्राकार चट्ट्यांवर त्याचे बी वाटून लावीत, म्हणून हे नाव. मात्र आज नायटा झाल्यास डॉक्टरांनाच दाखवावे.

एक गोष्ट विसरू नका. टाकळ्यासारखाच दिसणारा कासविंदा शेजारीच उगवतो. त्याचे बी खाल्ल्याने पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले दगावल्याचे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. टाकळ्याच्या पानात बहुधा पर्णिकांच्या 3 जोड्या असतात व त्या टोकाशी गोलसर असतात. कासविंद्यात 4 ते 6 जोड्या असून टोके अणकुचीदार असतात. म्हणून जाणत्या माणसाने ओळख पटवल्याखेरीज रानातले पान वा बी तोंडात घालू नका. प्रयोगातील बियाही खाण्यासाठी नाहीत.

न घासलेल्या तुमच्या 20 बियांपैकी किती फुगल्या? उरलेल्या कुंडीतच राहू द्या. पुढच्या पावसाळ्यात त्यांतली एखादी उगवते का, पाहा.