मुलांना दया शिकवताना

(वाचन : अनुवाद २२:६-७, लूक १२:६)



मे-जूनच्या दिवसांत आपल्या वाड्यांमध्ये एक गोष्ट हमखास घडते. मुलांना झाडाखाली बुलबुलाचे पिल्लू सापडते. ती ते घरी आणतात, खोक्यात ठेवतात, दूध-पाव भरवतात. एक-दोन दिवसांत पिल्लू मरते आणि मुले रडतात. मुलांच्या मनात दया होती, यात शंका नाही. मग चुकले कुठे?

संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) यांच्या शिकवणुकीनुसार प्रेम म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. भले इच्छायचे, तर ते कशात आहे हे ठाऊक हवे. बुलबुलाची पिल्ले नीट उडता येण्यापूर्वीच घरट्याबाहेर पडतात. आईबाप जवळपास राहून त्यांना भरवत असतात. म्हणून पिसे आलेले पिल्लू तिथल्याच झुडपावर ठेवावे, मांजराला दूर ठेवावे आणि आपणही लांब व्हावे. पिसे नसलेले पिल्लू घरटे सापडल्यास त्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत खरी नाही. दूध मात्र पक्ष्यांना पचत नाही.

पोपटाचेही तसेच. आपण त्याला मिरची-पेरू देतो, लाड करतो. पण थव्याने उडणे हा त्याचा स्वभाव आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे.

पावसात बिळांत पाणी शिरले की साप बाहेर येतात. दिसेल त्या सापावर काठी घेऊन धावणारे वडील पाहून मूल जे शिकते, ते धर्मशिक्षणाच्या तासाला पुसता येत नाही. धामण बिनविषारी असून उंदीर खाऊन आपल्याला मदतच करते. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे मात्र विषारी आहेत. म्हणून मुलांना एवढेच शिकवावे : सापाला हात लावू नका, मारू नका, मोठ्यांना सांगा. मोठ्यांनी सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवावे. कधी कधी अंतर राखणे हीच दया असते.

घरटे सापडले तर पिल्लांबरोबर आईला धरू नये, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे. मुक्या प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा उद्या माणसांशीही तसाच वागेल, असे त्याचे एक कारण अक्वायनस देतात. ते खरेच आहे. पण ख्रिस्तसभेचा १९९२ सालचा कॅटेकिझम (क्र. २४१६) एक पाऊल पुढे जातो. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, आपल्या नुसत्या असण्याने ते त्याचा गौरव करतात, म्हणून त्यांच्याशी दयेने वागणे हे आपले देणे आहे. कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, हे प्रभू येशूनेच सांगितले आहे. तेव्हा मुलांना केवळ "असे केले तर तू वाईट होशील" असे सांगून थांबू नका. "हे पाखरू देवाचे आहे" हेही सांगा.

घरी बोलण्यासाठी :

१. आपल्या अंगणात कोणते पक्षी-प्राणी येतात? मुलांना त्यांची नावे सांगता येतात का?

२. त्यांपैकी एकाचे भले कशात आहे?

३. या आठवड्याचा संकल्प : सावलीत पाण्याचे पसरट भांडे ठेवू या. ते रोज धुऊन भरण्याचे काम मुलांकडे द्या.

– आपले प्रमुख धर्मगुरू