‘काही करत नाही हो तो!’

मुग्धा, तुझा राग रास्त आहे. हे आधी सांगते, कारण परवापासून जो तो तुलाच समजूतदारपणा शिकवतोय. बंडू लीशवर होता, तुझ्या डाव्या बाजूला, आपल्या नादात कुंपणाची मेंदी हुंगत. काकूंचा पॉम मोकळा सुटला, भुंकत आला आणि त्याच्या मागच्या पायाला झोंबला. बंडू एकदा गुरगुरला. आणि बोलणी कोणाला? तुला. ‘एवढा मोठा गावठी कुत्रा सोसायटीत ठेवायचाच कशाला?’ डोक्यात तिडीक जाणारच गं. माझ्याही गेली, तुझा मेसेज वाचतानाच.

‘काही करत नाही हो तो’ हे वाक्य मी कोथरूडच्या गल्ल्यांपासून वेताळ टेकडीपर्यंत ऐकत आलेय. बोलणारी व्यक्ती वीस पावलं मागे असते, कानाला फोन असतो, लीश गळ्यात मफलरसारखी अडकवलेली असते. आपला कुत्रा काही करत नाही एवढंच त्यांना ठाऊक असतं. समोरचा कुत्रा काही करेल का, आजारी आहे का, नुकतंच ऑपरेशन झालंय का, तो लहानपणी मार खाऊन घाबरलेला आहे का, हे विचारायचं त्यांच्या मनातही येत नाही. बंडू पहिले आठ महिने रस्त्यावर होता, त्याला दुसऱ्या कुत्र्यांनी फाडलं होतं, हे काकूंना कुठून कळणार? विचारलं तर कळेल ना.

आता ज्या गोष्टीची मला खरी धास्ती वाटते ती सांगते. काकूंचा पॉम पाच-सहा किलोंचा, बंडू बावीसचा. पॉम चावला तर बंडूला दोन दात लागतील. बंडूने एकदा त्याला तोंडात धरून झटकलं, तर वरून कातडीला दोन बारीक भोकं दिसतील आणि आत स्नायू फाटलेले, बरगडी मोडलेली, फुप्फुसाला इजा झालेली, असं असू शकतं. पशुवैद्यांना ही जखम चांगली माहीत असते. वरून क्षुल्लक दिसते म्हणून लोक घरी थांबतात आणि उशीर होतो. त्या क्षणानंतर मोकळं कोण होतं हे कुणी विचारणार नाही. खापर बंडूवरच फुटेल. म्हणजे काकूंच्या निष्काळजीपणात जीव त्यांच्या कुत्र्याचा जातो आणि घर तुझ्या कुत्र्याचं. म्हणून हा प्रश्न कोण बरोबर ठरतं याचा नाही, तो होऊच न देण्याचा आहे.

आणि हो, छोटी कुत्री जन्मजातच खवट असतात असं तू रागाच्या भरात म्हणालीस, ते मला पटत नाही. 2008 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जातवार आक्रमकतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माणसांवर गुरगुरण्यात आणि चावण्यात डॅशहुंड आणि चिवावा वरच्या क्रमांकांत निघाले. पण 2010 मध्ये व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या अभ्यासाने पुढचं सांगितलं. लहान कुत्र्यांचे मालक त्यांना कमी शिकवतात, त्यांच्याशी कमी खेळतात, आणि आज एक उद्या एक असं वागतात. आणि मालकाच्या वागण्यातला हा विस्कळीतपणा कुत्र्याच्या न ऐकण्याशी जोडलेला दिसतो. मला तर हे रोज डोळ्यांनी दिसतं. लॅब्राडोरने पाहुण्यावर उडी मारली की घरात गोंधळ होतो, दुसऱ्या दिवशी ट्रेनर शोधला जातो. तेच पॉमने केलं की सगळे हसतात आणि मोबाइल काढतात.

आपल्याकडे तर लहान कुत्रा म्हणजे शोभेची वस्तू हे डोक्यात पक्कं बसलंय. ज्याला आपण सरसकट पॉम म्हणतो तो बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो. 1994 मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला, त्यातला टफी त्याच जातीचा; घरभर मोकळा फिरणारा, क्रिकेटमध्ये अंपायर होणारा, वेळेला चिठ्ठी पोचवणारा. 2003 च्या सुमारास हचच्या जाहिरातीतला पग आला. आठवतो ना? तो मुलगा जाईल तिथे मागे मागे, आणि गळ्यात लीश नाही. ते सगळं प्रशिक्षित प्राण्यांकडून, कॅमेऱ्यापुढे करून घेतलेलं होतं. पण लोकांनी मनात चित्र तेच ठेवलं, की छोटं कुत्रं आपसूक मागे येतं. डॅशहुंडला जर्मनीत बिळात शिरून बॅजरला भिडण्यासाठी तयार केलं गेलं, टेरिअर उंदीर मारायला पाळले गेले, हे घरी आणताना कुणी सांगत नाही. ती पायाशी घोटाळणारी खेळणी नाहीत, अंगात रग असलेली कुत्री आहेत.

पुढच्या वेळी काकूंच्या पॉमकडे जरा नीट बघ. राग बाजूला ठेवून बघ. तो भुंकतो तेव्हा दोन पावलं पुढे येतो आणि तीन मागे जातो. कान मागे चिकटलेले, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतं, मध्येच जीभ नाकावरून फिरवतो. तो घाबरलेला आहे मुग्धा. त्याच्या उंचीवरून जग म्हणजे चपला, स्कूटरची चाकं आणि बंडूची छाती. भुंकलं की समोरचा दूर जातो, एवढं एकच तो शिकलाय, कारण दुसरं कुणी शिकवलंच नाही. वर काकू त्याला उचलतात आणि म्हणतात, ‘शूर आहे माझा राजा.’ मला त्या पिल्लाची फार कीव येते. त्याला कुणी कुत्र्यासारखं वागवतच नाही. त्याचं ‘मला नको’ आजवर कुणी ऐकलेलं नाही.

आता तू काय करायचंस ते ऐक. फिरताना तुझं सगळं लक्ष बंडूकडे हवं, काकूंकडे नाही. त्या क्षणी त्यांना चार गोष्टी सुनवाव्याशा वाटतील. सुनवू नकोस. तुझा आवाज चढला, तुझा हात ताठ झाला, की लीशमधून ते बंडूपर्यंत पोचतं आणि त्याला वाटतं, ताईसुद्धा घाबरली, म्हणजे आता मलाच काहीतरी केलं पाहिजे. म्हणून लीश सैल ठेव, पण लांब नको. त्याला ‘चल, वळ’ शिकव. घरात, हॉलमध्ये, काहीच चालू नसताना. वळला की उकडलेल्या चिकनचा तुकडा. मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये, मग रस्त्यावर. हे शब्द ऐकले की विचार न करता वळायचं, इतकं ते अंगवळणी पडू दे. पॉम लांब दिसला की लगेच वळायचं. अंगावर आल्यावर वळायला गेलीस तर उशीर झालेला असतो. उभ्या गाड्यांचा आडोसा घे. दोन गाड्यांच्या मधली जागा मला नेहमी उपयोगी पडते. दिसणं बंद झालं की बंडूचं निम्मं टेन्शन उतरतं.

पॉम तरीही आलाच, तर बंडूला मागे घे आणि स्वतः मध्ये उभी राहा. हात पुढे करून, जड आवाजात ‘थांब!’ किंचाळायचं नाही. खिशात मूठभर खाऊ ठेव, तो त्या पॉमच्या तोंडासमोर जमिनीवर फेक. लहान कुत्री बहुतेक वेळा खाण्यावर थांबतात, आणि तेवढ्यात तुला पंधरा पावलं मिळतात. बंडूला उचलायला जाऊ नकोस, बावीस किलो पेलत तू पडशील. आणि जुंपलीच, तर तोंडांच्या मध्ये हात कधीही घालायचा नाही. पाण्याची बाटली रिकामी कर, पावसाळ्यात छत्री मध्ये उघड, आणि काकूंना ओरडून सांग की तुम्ही तुमच्याचे मागचे पाय धरून मागे ओढा, मी माझ्याचे ओढते.

परवाच्या पायाचं काय? केस बाजूला करून नीट पाहिलंस का? लहान दातांची जखम केसांत दिसत नाही, वरून बुजते आणि आत पू होतो. आज डॉक्टरांकडे नेऊन आण, आणि बंडूचं रेबीजचं इंजेक्शन वेळेत झालंय तरी चावल्याचं त्यांना सांग. ते बूस्टरचं ठरवतील. त्या पॉमची लस झालीय का तेही विचार. ‘तो घरातच असतो, त्याला कशाला’ म्हणून लहान कुत्र्यांची लस चुकवणारी घरं मी पाहिली आहेत. तुला कधी दात लागला, खरचटलं तरी, तर आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की जवळपास कुणीच वाचत नाही, तेव्हा ‘छोटंसंच तर होतं’ हे तिथे चालत नाही.

काकूंशी बोलायचं आहेच. पण रस्त्यात नको. संध्याकाळी, बंडूला घरी ठेवून, त्यांच्याकडे जा. त्यांची बाजूही मला दिसते गं. मुलगा परदेशात, गुडघे दुखतात, दिवसभर बोलायला तो पॉमच. लीशला त्याने हिसका दिला तर पडू अशी त्यांना भीती वाटत असेल, म्हणूनही मोकळा सोडत असतील. त्याला खोकल्याची उबळ येते असं तू म्हणाली होतीस. या जातींच्या श्वासनलिका नाजूक असतात, गळ्यातल्या पट्ट्याने ताण येतो. छातीवरून जाणारा हार्नेस घातला तर त्याला बरं वाटेल आणि त्यांच्या हाताला झटकाही कमी बसेल. हे सांग. त्यांच्या फायद्याचं आहे, ऐकतील. बटण दाबलं की डबीतून दोरी सुटते तसली लीश मात्र त्यांनी घेऊ नये. पाच मीटर लांब गेलेला कुत्रा आणि मोकळा कुत्रा यात फारसा फरक नसतो, आणि ती दोरी पायाला गुंडाळली की कातडी सोलते. साधी, पाच-सहा फुटांची पुरे.

‘तुमचा कुत्रा असा आणि तसा’ या वाटेला जाऊ नकोस. आपला तो बाब्या, ते सगळ्यांचंच असतं. त्याऐवजी भीती सांग. म्हण, ‘काकू, माझ्या बंडूने याला एकदा धरलं तर मला सोडवता येणार नाही. मला तुमच्या सोनूची काळजी वाटते.’ हे खरंच आहे, तेव्हा बोलताना तुझ्या चेहऱ्यावर दिसेल. आणि सकाळी गेटबाहेर भटक्यांवर तो भुंकतो, तेव्हा काकू त्याला छातीशी उचलून धरतात. गल्लीतली चार कुत्री उडी मारतील ती त्यांच्या अंगावर, हेही सांग. लीशवर असता तर तो त्यांच्या हद्दीत शिरलाच नसता. फिरायच्या वेळा वाटून घ्या. त्या सव्वासहाला, तू पावणेसातला. यात कुणाचा कमीपणा नाही.

त्यांनी कमिटीकडे मोठ्या कुत्र्यांवर बंदीची मागणी करायची धमकी दिलीय म्हणे. त्याने घाबरू नकोस. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, आणि लहान चालतील, मोठे चालणार नाहीत असा भेदही करता येत नाही. त्याच सूचनांत सार्वजनिक जागेत कुत्रा लीशवर ठेवा असंही सांगितलंय, आणि ते लहान-मोठ्या सगळ्यांना लागू आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेचं 291 कलम आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात कुत्र्याचं वजन लिहिलेलं नाही. हे कलम काकूंच्या तोंडावर फेकायला नाही सांगत मी तुला, पण तुझ्या पाठीशी काय आहे ते ठाऊक असू दे. तुझीही कागदपत्रं चोख ठेव: बंडूचा महापालिकेचा परवाना, लशीचा दाखला, दोन्हींचे फोटो मोबाइलमध्ये.

बंडूला मझल घाला असं कुणी म्हटलं तर शिक्षा म्हणून मान्य करू नकोस. सोसायटीला तशी सक्ती करता येत नाही. पण जाळीच्या मझलची सवय मात्र खेळीमेळीत लाव, आत दाण्याचं कूट लावून. उद्या दवाखान्यात, मलमपट्टी करताना, त्यालाच सोपं जाईल.

रविवारी जा काकूंकडे. जाताना सोनूसाठी हार्नेस मीच घेऊन देते, मधल्या आकाराचा, निळा. छातीचं माप तेवढं कळव. घालून घेतला तर बरंच झालं. ‘बघू’ म्हणाल्या, तर सोमवारी कमिटीला लेखी अर्ज जाऊ दे, परवाच्या वेळेचं सीसीटीव्ही जपून ठेवा म्हणून त्यात आधी लिही, कारण ते रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसलं जातं. मसुदा मी आज रात्री पाठवते. तू तारीख, वेळ आणि डॉक्टरांचा कागद जोड.