थंडी टाळायची तर दक्षिणेला किती दूर?

प्रश्न : नागपूरची थंडी आईच्या सांध्यांना सोसत नाही. कॅम्पर घेऊन महिनाभर बंगळुरूकडे जावं का?

उत्तर : जावं, पण बंगळुरूला थांबू नका. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तरी आपल्याकडे दुपारी ऊन असतंच. खरा त्रास रात्रीचा. पत्र्याची गाडी घरापेक्षा लवकर गार पडते, म्हणून मुक्काम ठरवताना रात्रीचं किमान तापमान बघा. नुसतं दक्षिणेला सरकून थंडी सुटत नाही, उंचीही उतरावी लागते. महामार्ग ४४ वरच्या आदिलाबादेत नागपूरसारखीच हुडहुडी भरते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर, त्यामुळे तिथेही पहाटे गारठा. धर्मपुरीपुढचा तोप्पूर घाट उतरून सेलमला आलात की फरक जाणवू लागतो. मदुराई, तिरुनेलवेलीकडे जानेवारीतल्या रात्रीही विशीच्या आसपास असतात.

एवढं लांब कशाला, गाडीतच शेगडी पेटवू, असं कुणी म्हणेल. कृपा करून तसं करू नका. बंद गाडीत कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. डिसेंबरातच निघण्याची घाईही नको, कारण तमिळनाडूत तेव्हा परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो. पोंगलच्या सुमारास पोहोचा. कन्याकुमारीपर्यंतचे सुमारे १७०० किलोमीटर पाच-सहा टप्प्यांत तोडा, आणि गाडी चालू असताना आईंना मागच्या बिछान्यावर झोपवू नका, सीटबेल्ट लावून बसवा.